इतर : एका ओळीत लिहा

सतरावा प्रश्न आला की मी पेन बदलते.
का, ते मलाच ठाऊक नाही.
“बाहेरच्या जगात आपल्या देशाची प्रतिमा
सगळ्यांत जास्त कशामुळे घडते?”
पुढे आठ चौकोन. खेळ. वाइन. पुढारी.
परदेशी राबणारी आपली माणसं.
युद्ध, आपलं किंवा शेजाऱ्यांचं.
बाकीचे वाचेपर्यंत माणूस घड्याळ बघतो.

सोरोकाच्या बसथांब्यावर
अक्रोड सोलून काळी झालेली बोटं पुसत
ग्रिगोरे म्हणाला, वाइन लिहा.
मग म्हणाला, खोडा, पुढारी लिहा,
लेकाचे परिषदेला जातात आणि
पहिल्या रांगेत बसून पेंगतात.
मग बराच वेळ गप्प.
“बाई, पण बाहेरचे लोक
आपल्याकडे बघतात तरी का?”

हा चौकोन माझ्याकडे नव्हता.

भूगोलाच्या साव्हिनाबाईंनी खेळावर बोट ठेवलं.
गावचा एक पोरगा कुस्तीत तिसरा आला होता,
झेंडा वर गेला, तिरका गेला, पण गेला.
तिरका म्हणजे किती, ते त्यांनी
तळहातानं दाखवलं.

विमानतळावरूनच परत पाठवलेला एक जण
नाव सांगायला तयार होईना.
“पासपोर्टचा रंग,” म्हणाला,
“काचेपलीकडचा माणूस आधी तो बघतो.
मग मला. कधी कधी मला बघतच नाही.”
त्याला मी कुठल्यातरी चौकोनात बसवलं.
बसला नाही.

तुदोसियाकडे पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती.
तिनं आधी गरम प्लाचिंता पुढे सरकवली,
“खा. नाहीतर किशिनाऊला जाऊन
आमच्या गावाबद्दल काय सांगशील?”
दोघी हसलो.

अकरा वर्षं ती पादोव्हाला
एका म्हाताऱ्याचं सगळं करत होती.
नखं कापायची, कवळी धुवायची,
रविवारी खिडकीशी बसवून दाढी.
“त्याच्या लेखी आपला देश म्हणजे
कोमट पाणी, आणि गालाला न लागणारं पातं.”

मी पेन टेकवलं. चौथा चौकोन.

“थांब, पुरतं ऐक.
येईल-जाईल त्याला तो सांगायचा,
ही रोमानियाची बाई, फार चांगली.
पहिली पाच वर्षं मी चूक सुधारत राहिले.
मग सोडून दिलं.
माझ्या हातांनी शेजाऱ्यांचं नाव झालं, होऊ दे.
पण त्याच्या लेकीचं कानातलं हरवलं ना एकदा,
तेव्हा मात्र तिला माझ्या देशाचं नाव
अगदी बरोबर आठवलं.”

“मग?”

“मग काय. सापडलं. सोफ्याच्या फटीत.
लेकीनं मला लोकरीचे हातमोजे दिले.
नाताळ अजून लांब होता.”
हातमोजे तिनं दाखवले नाहीत.
मीही मागितले नाहीत.

परतीच्या बसमध्ये वरिष्ठांचा फोन :
‘इतर’ कमी भरा, तक्ता बिघडतो.
बरं, म्हटलं. आणि गुडघ्यावर कागद धरून
त्या एका ओळीत लिहिलं :
कानातलं. सोफ्याची फट. हातमोजे.
अक्षर खड्ड्यांबरोबर उडत गेलं.

माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही,
इतकं तर कुणीही सांगेल.
मला तर सीमाच ठाऊक आहे फक्त या काठावरून.

बस नीस्त्रूच्या कडेनं चालली होती.
पलीकडे युक्रेन. लढाई सुरू झाल्यापासून
त्या काठावर रात्री दिवे नसतात.
झाडं असावीत, घरं असावीत,
कुणीतरी अंधारात उभं राहून
नदीपल्याड बघतही असेल,
आम्हाला,
सगळे दिवे चालू ठेवून बसलेल्यांना.

त्याला सतरावा प्रश्न कुणी विचारलेला नाही.