तुरळक ठिकाणी

दुपारी अडीचला पांढऱ्या पेटीचं दार उघडलं:
त्रेचाळीस पूर्णांक सहा.
वहीत उतरवेस्तोवर
शाई वाळलेली.

गंगाखेडहून मुनीरभाईंचा फोन.
भट्टीवर वीस हजार कच्च्या विटा, उघड्यावर.
"ओ मॅडम, रोज म्हणता तुरळक ठिकाणी, तुरळक ठिकाणी.
हे तुरळक कोणत्या तालुक्यात येतंय?"

हसत खिडकीशी गेले.
दक्षिणेला एकच ढग,
माथा ऐरणीसारखा चपटा.
"झाका," म्हटलं, "आत्ताच.
आणि लिंबाखाली कुणाला थांबू देऊ नका."

रात्री साडेआठ. परभणीत नुसता फुफाटा,
पर्जन्यमापकात एक पाकोळी.
शून्य लिहिलं.

तेवढ्यात फोन.
पलीकडे ताडपत्रीवर
कुणी पोत्यानं हरभरे ओतत होतं,
आणि त्यावरून मुनीरभाई ओरडत होते,
"सापडलं, मॅडम, सापडलं!"