हातभर हवा

खिंडीपाड्याच्या चढावर, सार्वजनिक नळाच्या मागे
एक जांभूळ आहे.
झाड पालिकेचं. तार कंपनीची.
जमीन कुणाची, यावर कोर्टात तारखा पडतात.
जांभळं पोरांची, यावर मात्र वाद नाही.

मी लाइनवरचा हेल्पर, कंत्राटी.
अठरा पावसाळे काढले.
झाडाला तार कळत नाही, एवढं मला कळलंय.
त्याला फक्त वर कळतं.
वर्षाला हातभर वर येतं
आणि दर वर्षी मी तो हात छाटतो.

खालून बघा एकदा, मान दुखेपर्यंत.
तारेकडची पानं कडेनं करपलेली,
बिडीचा चटका दिल्यासारखी.
लोक म्हणतात, रोग पडला.
रात्री वारा सुटला की तिथं
निळं काहीतरी चरचरतं,
तापल्या तेलात पाण्याचा थेंब पडावा तसं,
आणि गल्लीतले दिवे एकदा डोळा मिटतात.
लोक म्हणतात, व्होल्टेजचं नेहमीचंच.

मार्चमध्ये अर्ज दिला.
अर्जाला नंबर मिळाला.
उद्यान खात्यातले सामंतबाबू म्हणाले,
'फांद्या किती? घेर किती? फोटो?'
फोटो दिला.
'यात तर तार दिसतच नाही.'
पानांत दिसत नव्हती, खरंच.
हेच तर सांगायला आलो होतो, साहेब.

मे अर्ध्यावर आला.
जैबूनबीनं धुण्याचं पाणी रोजच्यासारखं बुंध्यात ओतलं,
शेळी रोजच्यासारखी बुंध्याला बांधली.
वारा आला, आणि यावेळी
फांदी तारेवरून मागे आलीच नाही.

शेळी ओरडली नाही.
चारही पाय ताठ, आणि आडवी.
तोंडात अर्धा पाला.
जैबूनबी अनवाणी धावली, तशी
समोरच्या अनसूया कोळेकरनं तिला ओढणीला धरून
मागे खेचलं, चिखलात पाडलं,
'हात लावू नको गं! झाडच चावतंय!'

कोपऱ्यावरून तिची नात येत होती,
नऊ वर्षांची, खांद्यावर लोखंडी आकडी,
जांभळं पाडायला.
मी नंतर मोजली.
बावीस पावलं.

लाइन बंद केली. फोन करून दोनदा विचारलं,
समोरच्याचं नाव विचारलं, परत विचारलं.
टेस्टर लावला, मग तारांना अर्थिंगच्या साखळ्या.
बंद तारेवर विश्वास ठेवायचा नाही,
हे मला दगडू भोईरनं शिकवलं.
त्याला ज्यानं शिकवलं
त्याचा फोटो ऑफिसात आहे, हारासकट.

मग कोयता.
पिकल्या जांभळांसकट फांद्या खाली आल्या.
पोरं तुटून पडली,
मेलेल्या शेळीपासून दहा हातांवर
जिभा जांभळ्या करत.
आम्ही कुणी त्यांना हटकलं नाही.

पलीकडच्या टॉवरच्या बाराव्या मजल्यावरून
एकानं मोबाइल धरला होता.
ओरडला, 'झाडं मारता काय रे!'
शिडीवरून काय सांगणार?
की बाबा, मी झाड मारत नाही.
झाडाच्या आणि तारेच्या मधे
हातभर हवा असते ना, तिला मालक नाही,
तिच्यासाठी अर्जाचा नमुना नाही,
ती मी दर वर्षी पेरतो
आणि झाड दर वर्षी खाऊन टाकतं.
दोघांचंही चुकत नाही.

शुक्रवारी सामंतबाबूंचा फोन आला.
'परवानगी झालीय. फांद्या किती म्हणालात?'

मी म्हटलं, एक शेळी.

'काय?'

काही नाही, साहेब. लिहा. सात.

दोरी अजून बुंध्याला आहे.
जैबूनबी सोडत नाही, मीही नाही.
धुण्याचं पाणी ती आता गटारात ओतते,
आणि येता-जाता पोरांच्या हातात
लोखंड आहे की बांबू, ते बघते.
मग तोही हिसकावून घेते.