फॉर्तेन बाईंना

उद्या ग्रॅनविल तुमच्या वर्गात येईल.
शर्टाच्या कॉलरमागचं लेबल मी उसवलंय,
ते त्याला टोचायचं. काट्यासारखं नाही, म्हणतो,
मानेवर मुंगी बोलत बसल्यासारखं.

वय चौदा. उंचीने अकराचा,
बोलायला लागला की विशीतला,
आणि समजेने किती, ते
तुम्ही कुठल्या दिवशी विचारता त्यावर.

काल त्याला सातचा पाढा येत होता.
आज येणार नाही.
सोंग करतोय असं वाटेल. मलाही वाटलं होतं.
मारलं मी त्याला, लाकडी पळीने,
सात साते विचारत.
हे लिहितेय, कारण तो सांगणार नाही,
तो विसरलाय. मी नाही.

एका वेळी एकच सांगा, बाई.
दप्तर उघड, वही काढ, तारीख घाल म्हणालात
तर त्याच्या हातात नुसतं दप्तर उरतं,
बाकीचं वाटेत गळून जातं,
फुटक्या बादलीतून पाणी आणावं तसं.
घरी मी भिंतीवर चित्रं लावलीत:
दात, मोजे, बूट, पाव.
एकदा बुटांचं चित्र चुकून आधी लागलं,
त्या दिवशी तो बुटांवर मोजे चढवून
शाळेत गेला. दिवसभर.
कुणी सांगितलंही नाही त्याला. हसले फक्त.

मागच्या शाळेत मोठ्या पोरांनी
त्याच्याकडून एक फोन चोरवला.
साहेबांनी विचारलं, तो लगेच हो म्हणाला.
मग न केलेल्या तीन चोऱ्यांनाही हो म्हणाला,
साहेबांना बरं वाटावं म्हणून.

क्लिनिकमध्ये डॉक्टरीणबाईंनी
त्याच्या ओठापाशी मोजपट्टी धरली.
नाकाखाली पन्हळ असते ना, तुम्हाला, मला,
ती त्याला नाही.
किती वर्षं मी तिथलं दूध पुसत आले,
बोट कुठे अडलं नाही,
आणि मला वाटायचं, काय नितळ पोर आहे माझं.

या खोऱ्यात माझ्या आजोबांना
मजुरीसोबत वाइन मिळायची,
सकाळी एक मग, दुपारी एक, पत्र्याचा.
मग कायदा आला, मग गेले. तहान मागे राहिली.
शुक्रवारी पगार, शुक्रवारीच पाच लिटरची पिशवी,
आम्ही सगळ्याच, द्राक्षांच्या पेट्यांवर बसून, हसत.
मला दिवस गेलेत हे कळायला
चार महिने लागले.
आणि कळल्यावरही लगेच थांबले असं नाही.
कुणी काही सांगितलं नव्हतं.
ही सबब नाही. जे झालं ते सांगतेय.

त्याच्या फाइलवर तुम्हाला दिसेल: आईचे मद्यपान.
दोन शब्द. वाचा.
मग फाइल मिटा, आणि त्याच्याकडे बघा.

आमच्या अपॉलिसकाकांचं गाढव
कुणाला खुराला हात लावू देत नाही.
ग्रॅनविलला देतं.
मी कुंपणाआडून ऐकलंय, तो त्याच्याशी कसा बोलतो:
पाय उचल.
थांबतो. पुष्कळ थांबतो.
शाब्बास.
मग दुसरा पाय.

ट्यूबलाइट फडफडत असेल तर त्याला खिडकीपाशी बसवा.
घंटा होण्याआधी सांगा की होणार आहे,
नाहीतर तो टेबलाखाली जाईल. गेला तर जाऊ द्या,
ओढून काढू नका. स्वतःच येतो बाहेर,
थोडासा ओशाळलेला.

आणि आई कधी येणार असं विचारेल. दहा वेळा विचारेल,
दहाव्यांदाही पहिल्यांदासारखंच सांगा.
तीन वाजता म्हणू नका, घड्याळ त्याच्याशी बोलत नाही.
म्हणा, डोंगराची सावली फाटकाला टेकली
की आई येते.
मी येते.
थंडीत सावली लवकर टेकते,
पॅकिंगच्या शेडमधून सुटी तीच.
तेव्हा मी धावत येते.

डेल्मरी