दुसरं गेट

टिळकवाडीचं दुसरं गेट पडलंय.
लोंढ्याकडून मालगाडी येतेय,
म्हणजे दहा-पंधरा मिनिटं आपली.
स्कूटरच्या हुकाला पिशवी, पिशवीत
बी.ए. दुसऱ्या वर्षाच्या प्रश्नावल्या.

मन मी याच गेटांवर शिकवलं होतं एकदा.
पहिल्या गेटाशी दांडीखालून सायकल घुसवतो, तो इदम्.
तिसऱ्याशी उभा राहून सगळ्यांना कायदा सांगतो, तो पराहम्.
आणि मधल्या गेटाला घड्याळ बघत अहम्,
दूध नासायच्या आत घरी पोचायचंय त्याला.
वर्ग हसला. परीक्षेत सगळ्यांनी गेटंच लिहिली,
एकानं अहमला हेल्मेटसुद्धा घातलं.

यंदा गुणांचा सिद्धान्त.
पुस्तक म्हणतं, स्वभाव पाच पट्ट्यांवर मोजता येतो
आणि मोजमाप पंधरा दिवसांत फारसं हलत नाही.
म्हणून एकच चाचणी दोनदा घेतली,
आधी कन्नडमधून, मग मराठीतून.

मष्णू गुरव, जांबोटीकडचा:
कन्नडमध्ये मितभाषी, शिस्तीचा, पैसे मोजून ठेवणारा.
मराठीत भांडकुदळ, उसने देऊन विसरणारा.
निंगव्वा पट्टेदचं उलटं.
मराठीत प्रत्येक प्रश्नाला खालमानेनं 'सहमत',
कन्नडमध्ये 'मुळीच नाही'वर पेन इतकं दाबलेलं
की मागच्या पानावर उमटलंय.

यात चूक कुणाची धरायची?
माझी आई बैलहोंगलची.
तिनं मला कन्नडमध्ये न्हाऊ घातलं,
बाबांनी पाढे मराठीत घोकून घेतले.
अजून सात नव्वे मराठीतच त्रेसष्ट होतात
आणि डोळ्यांत साबण गेला की 'अव्वा'.
भाजीचा भाव कन्नडमध्ये, राग मराठीत,
बँकेत जी बाई घाबरते ती इंग्रजीत.
पाचही पट्ट्या घेऊन या माझ्याकडे,
आधी सांगा कुठल्या बाईला लावायच्या.

प्रश्न एक्केचाळीस: मी कोण आहे हे मला नेमकं ठाऊक आहे.
मष्णूनं दोन्हीकडं चौकटी कोऱ्या सोडल्यात.
मराठी कागदावर खाली, पेन्सिलीनं:
'विचारतंय कोण?'

मी लाल पेन काढलं होतं. परत ठेवलं.
तलाठी विचारतो तेव्हा, चेकपोस्टवर विचारतात तेव्हा,
एस.टी.चा कंडक्टर, कॉलेजचा क्लार्क, सासऱ्याची माणसं...
एवढ्या वर्षांत एकाही पाठ्यपुस्तकानं
विचारणाऱ्याचा रकाना ठेवला नव्हता.

गाडी गेली. शेवटचा डबा, मागं लाल दिवा.
दांडी वर चढताना गेटमन मला म्हणाला, 'होग्री, मॅडम.'
मागच्या दूधवाल्याला, त्याच श्वासात, 'जा की गा, बगूलैस काय!'
चेहरा तोच.
की मला तसा वाटला?
मागून हॉर्न वाजायला लागले.