दहावा शब्द

अजनीच्या रेल्वे क्वार्टरात
शॅलोमकाका रोहेकरांनी सोफा भिंतीला सारला.
आमच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत.
दहा शब्दांचं एक वचन आहे,
एकेका डोक्यावर एकेक शब्द ठेवत जायचा.
काका ठेवत गेले.
दहावा तोंडातच राहिला.

एझ्राभाऊ वर्ध्याहून निघालेत,
गाडी बुटीबोरीला उभी आहे म्हणे.

त्या दूरच्या प्रार्थनालयात गेले त्यांना
पेपरवाल्यांनी मात्र सरळ मोजलं: अकरा.
मी त्यांची नावं वहीत उतरवली, देवनागरीत,
जोडाक्षरं सोडवून, काकांची जीभ अडखळू नये म्हणून.
एका बाळाचं नाव कुठेच मिळालं नाही.
तिथे रेघ ओढून ठेवलीय.

पाण्यावर खोबरेल, खोबरेलात वात.
दहा ग्लास घरचे.
अकरावा वासनिकांच्या सुनेनं दिला,
तिच्या पोराचा, दुधाचा,
त्यावर झिजलेला हत्ती.

मी कुठल्याच शब्दाखाली येत नाही.
काड्यापेटी माझ्याकडे आहे.

साडेसातला एझ्राभाऊ दारात,
घामानं भिजलेले, एक बूट अजून पायातच,
आणि काकांनी तो राहिलेला शब्द
त्यांच्या डोक्यावर ठेवला.

मग कद्दिश.
रेघेपाशी काका थांबले,
कूलरही कुणीतरी बंद केला.

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात.
आमेन मलाही म्हणता येतं.
म्हटलं. जरा मोठ्यानंच.