पायरी चौदा

याश शहरात, ट्रामच्या डेपोमागे, तिसऱ्या मजल्यावर
आम्ही सहाजण यंत्रांची मॅन्युअलं लिहितो.
यंत्रं आमची नाहीत. मॅन्युअलंही नाहीत.
नव्या शब्दाचे सात सेंट, आकृतीचे वेगळे,
आणि जुनं वाक्य जसंच्या तसं उचललं
तर शब्दामागे एक.
हिशेब बघणारी स्मारांदा म्हणते,
आठवणींना इतका पडेल भाव कुठेच नसेल.

या खेपेला धान्य वाळवायचं यंत्र. डेन्मार्कचं.
तिथला लेखन विभाग वसंतात बंद झाला,
माणसं चार, कपाट एक.
कपाट स्कॅन होऊन आमच्याकडे आलं,
दोन हजार तीनशे पानं, काही उलटी,
एका पानावर कपाचा गोल डाग,
तोही इमानेइतबारे स्कॅन केलेला.

मी ते यंत्र पाहिलेलं नाही.
त्याचा आवाज, त्याची धूळ, झाकण किती जड,
काही म्हणजे काही नाही.
उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणतात तशातली गत,
उंट याशमध्ये, शेळ्या युटलंडात,
आणि शुक्रवारी सगळ्या मोजून द्यायच्या.

पायरी तेरा : मुख्य स्विच बंद करा.
पायरी चौदा : थांबा.
पायरी पंधरा : पंख्याचं झाकण उघडा.

थांबा. पण किती?
व्हालेरिउनं पिवळी खूण केली.
मी प्रश्नांच्या तक्त्यात एकशे बारावी ओळ भरली.
आठवड्यानं उत्तर आलं : मुळाप्रमाणे ठेवा.
मुळातच नव्हतं.
आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून?

करारात एक माणूसही लिहिलेला होता : 'जाणकार',
दर मंगळवारी वीस मिनिटं.
टॉर्किल स्काउ. निवृत्त केलेला.
जुनं मॅन्युअल त्याच्याच हातचं,
आणि आता आम्ही त्याच्या जागेवर.
हे तो कधी बोलला नाही. मीही नाही.

पट्ट्याचा ताण, ग्रीसचा नंबर, सगळं तोंडपाठ.
मागे कुत्रं, भांडी, बहुधा रेडिओ.
मग मी विचारलं, चौदाला किती थांबायचं?
"पंखा थांबेपर्यंत."
बाहेरून दिसतो का, थांबलेला?
"नाही."
ऐकू येतं?
रेडिओ बंद झाला. नुसतं कुत्रं.
"एस्बेन ऐकूनच म्हणाला होता, थांबला म्हणून."

वीस मिनिटांवर सहा झाली होती.
बिलासाठी लावलेलं घड्याळ पळतच राहिलं.
"साडेनऊ मिनिटं लागतात. आम्ही नंतर मोजलं.
तू बारा लिही."
मग तुम्ही का नाही लिहिलं?
"लिहिलं होतं. विक्रीवाले म्हणाले,
गिऱ्हाईक उगाच घाबरतं. काढलं त्यांनी.
'थांबा' तेवढं मी काढू दिलं नाही."

मी लिहिलं : किमान बारा मिनिटे थांबा.
पलीकडच्या तपासनिसाचा शेरा आला :
बारा कुठून आले? आधार द्यावा.
शिवाय, जादा तीन शब्द, सोळा भाषांत.
आधाराच्या रकान्यात मी लिहिलं :
टॉर्किल स्काउ, फोन, मंगळवार.
एस्बेनचं नाव लिहिलं, खोडलं.
रकाना लहान होता. असं आपलं मी म्हणते.
खाली गणित मांडलं :
तीन गुणिले सोळा गुणिले सात,
तीन युरो छत्तीस सेंट.
ही रक्कम आम्ही सोसतो.

उत्तर आलं : मान्य.
आधारामुळे की सेंटांमुळे, मी विचारलं नाही.
स्मारांदानं मात्र विचारलं,
हे 'इतर'मध्ये टाकू की 'तोटा'मध्ये?

नोव्हेंबरात छापील प्रती आल्या, ओल्या खोक्यात.
मी सहज लिथुआनियन उघडली,
त्यातलं अक्षर मला कळत नाही.
आकृत्यांवरून चाचपडत पंख्यापाशी आले,
चौदा शोधली.
न कळणाऱ्या दोन शब्दांच्या मधोमध
बारा होता.