टेपवाला

वडशाच्या रस्त्याला, बंद राइस मिलच्या मागे,
कोंड्याच्या गोदामात
एकतीस वर्षं, रोज संध्याकाळी साडेपाचला
पोट्ट्या नाचल्या.
सोमवारपासून तिथे धानखरेदीचा काटा बसणार.

मी कधी नाचलो नाही.
सातवीत होतो, दारात उभा राहून बघायचो.
हिरकन्या मॅडम म्हणाल्या,
"उभाच रायतं तं टेप धर."
धरला.
गुंतलेली कॅसेट पेन्सिलीनं उलगडायची.
'पुन्हा' म्हटलं की मागे न्यायची, अंदाजानं,
आणि कडव्याच्या आधी गाणारी श्वास घेते ना,
नेमकी तिथे थांबवायची.
एवढंच शिकलो मी त्या गोदामात.
तो श्वास मात्र अजून
कुठेही ऐकू येतो.

आरसा सलूनवाल्या दिवाकरचा, दुकान बुडल्यावर आणलेला.
कोपऱ्यात लाल रंगात 'दाढी पाच रुपये'.
त्या अक्षरांच्या मागे
तीन पिढ्यांनी आपापल्या भुवया उचलून पाहिल्या.
आज काढायला गेलो तर निघेना,
सिमेंटनं धरून ठेवलाय.
राहू दे, म्हणाल्या मॅडम,
पोत्यांनाही कळू दे आपण कशी दिसतो.

छबिला यायची नदीपलीकडून, डोंग्यानं,
पूल व्हायच्या आधीची गोष्ट.
एकदा तिचा बाप आला, हातात तुतारी,
म्हणजे बैलाला टोचायची ती.
पोरीला ओढून न्यायला आला होता.
मॅडम म्हणाल्या, बसा, एवढं गाणं होऊ द्या.
कोंड्याच्या पोत्यावर बसला.
गाणं झालं. कोणी बोलेना.
मी घाबरून चुकीचं बटण दाबलं
तर त्याच कॅसेटवरचं कीर्तन लागलं मध्येच.
तो उठला, म्हणाला,
"मॅडम, इचा उजवा हात ढिला पडते."
पुढच्या मंडईत सगळ्यांत पुढे तोच बसला होता,
उजवा हात बघत.

छबिलाची मुलगी आहे आज आत.
उरलेल्या तिघींपैकी एक.
बाकीच्या मोबाइलवर शिकतात,
मॅडमचा त्याला राग नाही,
"मोबाइलचे गुडघे दुखत नाहीत बाप्पा," एवढंच.

आरशासमोर फरशीला एक खळगा आहे,
टाचेएवढा. मॅडमचा.
पावसात छप्पर गळलं की पहिलं पाणी तिथे साचतं.
काटेवाला म्हणाला, हे बुजवावं लागेल,
वजनात फरक येतो.
मॅडमनी खळग्यात पाऊल ठेवून पाहिलं,
जसं आपण जुनी चप्पल घालून पाहतो
आणि काढून ठेवतो.
"बुजव," म्हणाल्या. "धानवाल्याचं नुकसान नोको."

टेप पोत्यात गेला. घुंगरं छबिलाच्या पोरीला.
मंडईतली ढाल बँकेच्या कॅलेंडरमध्ये गुंडाळून
मॅडमनी स्वतः काखेत धरली.
मग माझं काम उरलं.

मी आता लाइनमन आहे.
वीस वर्षं मीटर होतं हिरकन्या रामटेके यांच्या नावानं,
बंद करायचा कागद माझ्याच खिशात.
त्या काळी लोडशेडिंग झालं की
टेप घुर्रर्र करत मरायचा, तबला म्हशीसारखा हंबरायचा,
आणि अंधारात मॅडमची टाळी यायची,
एक, दोन, तीन, चार,
कोणाचंही पाऊल थांबत नसे.
भिंतीशी बसून मीच तेवढा बिनकामाचा.

बाहेर आलो. रीडिंग लिहिलं.
नऊ हजार चारशे सहा.
मॅडम म्हणाल्या, "उतरव."
आत तिघी खराट्यानं झाडत होत्या.
फ्यूज ओढला.

अंधार पडला,
खराटे क्षणभर अडखळले.
मग आतून, सवयीनं,
कोणाची होती मला ओळखू आली नाही,
एक टाळी.
आणि खराटे परत सुरू,
चारच्या हिशेबात.

मॅडम रस्त्याकडे बघत होत्या.
सील लावायचं होतं,
तार माझ्या हातात होती.
चौथा ठोका होईपर्यंत
थांबलो.